पाचशे फूट

हुकमाच्या दुसऱ्या पानावर आकडा आहे : पाचशे फूट.
रायमोनं इसापासून, इसाच्या घरापासून,
टपालाच्या पेटीपासूनसुद्धा
एवढं लांब राहायचं, एक वर्ष.

इसा म्हणजे बाप. पणजोबा फिनलंडहून आले,
त्यांच्या बोलीतले चारसहा शब्द उरलेत घरात,
त्यातला हा एक. बाकीच्या शिव्या.

शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
मी फेब्रुवारीत चढले.
बर्फ सुटावा म्हणून जाडं मीठ टाकलेलं,
बुटांखाली करकरत होतं.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, डाग केवढा होता?
मी अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं.
स्टेनोनं टाइप केलं. काय केलं असेल?
बोटांमधल्या हवेला काय म्हणतात?

मनगटावर होता. निळा, कडेनं पिवळा पडत चाललेला.
रायमो म्हणाला, तो रात्री सरोवरावर निघाला होता,
नुसत्या मोज्यांवर. मी धरला. धरला फक्त.
मी म्हणाले, आणि चेकबुक? तेही धरलंस फक्त?
वकिलानं त्याच्या बाहीला हात लावला
आणि माझा भाऊ गप्प झाला,
लहानपणी मी फोडलेली काच
त्याच्या नावावर घातली, तेव्हा झाला होता तसा.

इसा चाळीस वर्षं ओंडके मोजायचा.
भरल्या ट्रकवरून नजर फिरवून सांगायचा किती फूट,
पट्टी मागाहून येऊन हो म्हणायची.
आता त्याला वार कळत नाही.
मला कधी आईच्या नावानं हाक मारतो, कधी नर्स म्हणतो.
परवा मात्र खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाला,
"ती गाडी पाचशेवीसवर उभी आहे."

होती. बर्चच्या झाडांपुढे,
इंजिन चालू, धूर सरळ वर.
वीस फूट जास्तीचे सोडले होते रायमोनं,
ज्यानं आयुष्यात कुणाला एक सेंट सोडला नाही.

मी औषधांच्या डबीत गुरुवार भरत होते.
दार वाजलं ते मला वाऱ्याचं वाटलं.

कोट उलटा, पायात माझे बूट,
इसा रस्त्याच्या मधोमध चालला होता,
दोन्ही हात पुढे,
बिचकणारं वासरू धरायला जावं तसा.
आणि गाडी मागे सरकली.
इसा दहा पावलं पुढे, गाडी दहा पावलं मागे.
इसा थांबला. गाडी थांबली.
पुन्हा निघाला.
मागचे पांढरे दिवे लागलेले,
रायमोची मान वळलेली.
मागे बघून गाडी हाकायची तर
बापाकडे बघता येत नाही.

मी पळत गेले. त्या वाकलेल्या मानेकडे बघून
एक हात वर केला.
थांब म्हणून केला की ये म्हणून,
मला तेव्हाही माहीत नव्हतं,
आणि ये म्हणायचा अधिकार आता माझा नाही,
तो बाईंच्या सहीखाली आहे.

"बघ," इसा म्हणाला, दम लागलेला,
"पोरगा कसा मापात राहतो."
आणि पुढे पाऊल टाकलं.
खाली काळा, आरशासारखा बर्फ होता.
मी त्याला धरलं.

गाडी वळणाआड गेली.
घरी येईपर्यंत तो मला चोर म्हणत होता,
त्या चारसहा शब्दांतल्याच एकानं.

रात्री त्याचे हात पुसताना दिवा जवळ घेतला.
मनगटावर चार बोटं उमटायला लागली होती,
अजून तांबडीच.
अंगठा आणि तर्जनी ताणून
मी त्यांच्याजवळ नेली,
आणि न लावताच
बाही खाली ओढली.